मागच्या पायाचा गुडघा

टेबलावर मूठ ठेवायची, तिच्यातून पहिली दोन बोटं सरळ उभी करायची, आणि समोरच्याकडे न बघता त्या बोटांकडेच बघत म्हणायचं, "अगोदर कान पाहा, राव. पाय मागून."

त्यांच्या प्रत्येक शर्यतीची सुरुवात अशी व्हायची. मूठ म्हणजे घोड्याचं डोकं, बोटं म्हणजे कान. कान पुढे असले तर घोड्याला अजून धावायचंय, मागे चिकटले तर तो चिडलाय किंवा दमलाय, आणि एक पुढे एक मागे असला तर तो पाठीवरच्या जॉकीचं ऐकतोय. ही दोन बोटं अशी काही हलायची की कॉफीचे टंबलर हातात घेऊन उभे असलेले आम्ही सगळे त्या बोटांच्या मागे मागे जायचो. मीसुद्धा जायचो, आणि ते मला मुळीच आवडायचं नाही.

सांगूनच टाकतो. मी या माणसावर चौदा वर्षं जळलो. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, जो काही विशेष करत नाही आणि तरी लोक त्याच्याभोवती जमतात. आणि तुम्ही मान मोडून काम करून बाजूला उभे असता. माझ्यासारखेच तुम्हीही त्याला तिरप्या डोळ्यानं बघत असाल. तेव्हा ही हकिगत त्यांची असली तरी मी मध्ये मध्ये येणार, त्याला इलाज नाही.

तंजावुरात जुन्या हस्तलिखितांचा एक संग्रह आहे. मी तिथे मोडी विभागात होतो आणि ते शेजारच्या दुरुस्तीच्या खोलीत. दोघांचीही घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं. घरात मराठी, दारात तमिळ, बँकेत इंग्रजी. मराठी बोलता सगळ्यांना येतं, देवनागरी वाचता मात्र फार थोड्यांना. मी पुण्याला दोन वर्षं राहून देवनागरी आणि मोडी शिकून आलो होतो, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. त्यांना दोन्हींतलं एक अक्षर येत नव्हतं. किडीनं खाल्लेली पानं खळ आणि पातळ कागद लावून सांधणं हे त्यांचं काम. पान उलटं धरलंय की सुलटं, हे त्यांना अक्षरावरून नव्हे, कागदाच्या रेषांवरून कळायचं.

नाव त्यांना होतं, पण कचेरीत सगळे त्यांना 'कुदिरै सार' म्हणत. कुदिरै म्हणजे घोडा. शर्यतीचे जातिवंत घोडे, ज्यांना थरोब्रेड म्हणतात, ते त्यांचं वेड. वर्षाची सगळी रजा त्या घोड्यांना वाहिलेली. हिवाळ्यात चेन्नई, उन्हाळ्यात बंगळूर, पावसाळ्यात म्हैसूर. पैसे कधी लावत नसत. "लावलें की आपलाच घोडा दिसतो, राव. बाकीचे दहा कोण पाहणार?" एवढंच कारण सांगत.

आता माझी गोची समजून घ्या. घोडा हा माझा विषय होता. अकरा वर्षं मी एका बाडावर काम करत होतो. राजांच्या पागेतल्या कुणा जाणत्यानं लिहिलेलं, घोड्यांच्या लक्षणांचं ते बाड. रंग, दात, चाल आणि मुख्य म्हणजे भोवरे. घोड्याच्या अंगावर केस गोल फिरून जिथे भोवरा पडतो, त्या जागेवरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवायची आपल्याकडची जुनी रीत. गळ्यावरचा देवमण चांगला, अमक्या जागचा वाईट, असं बरंच काही. ते सगळं मी वाचलं, लावलं, त्यावर टिपा लिहिल्या. अख्ख्या तंजावुरात घोड्याच्या भोवऱ्यांबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि अकरा वर्षांत कॉफीच्या वेळी एकानंही मला विचारलं नाही, की राव, आज कोणता भोवरा?

मी सांगतोय ते वर्ष माझ्या पुस्तकाचं वर्ष. डिसेंबरात ते छापायला जाणार होतं.

त्या वर्षाची सुरुवात नेहमीसारखी केसरीनं झाली. शर्यतीच्या घोड्यांचं वय जन्मतारखेवर धरत नाहीत. शिंगरू कुठल्याही महिन्यात जन्मलेलं असो, एक जानेवारीला ते एक वर्षानं मोठं होतं. त्या दिवशी ते घरून केसरीचा, म्हणजे इकडच्या शिऱ्याचा, मोठा डबा आणत. "अस्के घोड्यांचा वाढदिवस, घ्या," म्हणत वॉचमनपासून डायरेक्टर मॅडमपर्यंत प्रत्येकाच्या हातावर केसरी ठेवत. अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे. त्या वर्षी मी मधुमेहाचं कारण सांगून केसरी नाकारली. मला मधुमेह नाही.

पोंगलनंतर ते चेन्नईला जाऊन आले. अकराच्या कॉफीला मूठ टेबलावर आली आणि बोटं उभी राहिली. गेट उघडलं, एक घोडा अडखळला आणि जॉकी खाली पडला. त्याला काही लागलं नाही, तो कपडे झाडत उभा राहिला. घोडा मात्र थांबेना. पाठीवर कुणी नाही, तरी तो कठड्याच्या कडेनं एकेकाला मागे टाकत गेला आणि चार घोड्यांच्या अंतरानं सगळ्यांच्या पुढे आला. पुढे आला तो आला, वर आपणहून वळून जिंकलेल्या घोड्याचा फोटो काढतात त्या जागी जाऊन उभा राहिला. घोडा सांभाळणारा साईस लगाम धरायला धावला.

"साईस ओढतोय, हा हलत नाही. फोटो पाहिजे," ते म्हणाले.

"मग?" कॅटलॉग विभागात दोघी होत्या, त्यांतल्या एकीनं विचारलं.

"मग काय. मागून आला तो जिंकला. जॉकी नसला की तें धांवणें धरत नाहीत. पण हें त्याला सांगणार कोण?" दोन्ही बोटं अजून ताठ, पुढे झुकलेली. सगळे हसले, आणि हसता हसता गप्प झाले.

नेमकी त्या दिवशी माझी बायको घरी राहिलेला माझा चष्मा द्यायला आली होती. ती मागे उभी राहून सगळं ऐकत होती. ऐकून झाल्यावर चष्मा तसाच हातात घेऊन घरी गेली. पुढचे तीन दिवस तो घोडा आमच्या घरात होता. शेजारणीला सांगून झालं, पापनाशमच्या बहिणीला फोनवर सांगून झालं. चौथ्या दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "तुम्हे अकरा वर्षें घोड्यावरच लिहितांत न? त्यांत असा एक घोडा नाही काय?"

मी म्हणालो, माझे घोडे शास्त्रातले आहेत.

"तेंच," ती म्हणाली आणि सांबार वाढलं.

उन्हाळ्यात ते बंगळूरहून एक म्हातारा घोडा घेऊन आले. नऊ वर्षांचा, शेवटची शर्यत, बारा घोड्यांत बारावा. बाकीचे पोचून गेले, लोक पायऱ्या उतरायला लागले, तेव्हा तो एकटा शेवटच्या वळणावरून येत होता. एक गृहस्थ उठून उभे राहिले. मग दुसरे. कुणी ओरडलं नाही, टाळी वाजवली नाही. तो पोचेपर्यंत सगळे नुसते उभे होते. एवढं सांगून ते टंबलर विसळायला नळावर गेले आणि परत आलेच नाहीत. मॅडमनी पदरानं डोळे टिपले. बाराव्या आलेल्याचं एवढं काय, असं मी म्हणून बघितलं. कुणी ऐकलं नाही.

त्या आठवड्यात मी घरी आरशासमोर बसून मुठीतून दोन बोटं काढून बघितली. एक पुढे एक मागे काही केल्या जमेना. बायकोनं दारातून विचारलं, "काय करतांत?" मी म्हणालो, बोट दुखतंय. तिनं तेल आणून चोळून दिलं.

पावसाळ्यात म्हैसूर झालं. तिथे एवढा चिखल की जॉकींचे रंगीबेरंगी कपडे सगळे मातीच्या एकाच रंगाचे झाले, आणि तीन घोडे एका रेषेत आले. कोण जिंकलं हे निवाडा करणाऱ्यांनाही फोटो बघितल्याशिवाय कळेना. पण एक म्हातारा साईस आधीच घोंगडी घेऊन मैदानात धावला आणि चिखलाच्या तीन पुतळ्यांतल्या नेमक्या आपल्या घोडीच्या गळ्यात पडला. "कसें ओळखलें विचारलों," ते म्हणाले. "म्हणाला, तुम्हे आपली लेक तोंड पाहून ओळखतांत काय?" मी त्या वेळी प्रुफं वाचत बसलो होतो, खिडकीशी. मुद्दामच खिडकीशी.

ऑक्टोबरात पुस्तकातली आकृती तयार होऊन आली. चित्रकारानं घोड्याची बाह्यरेषा काढली होती आणि मी तिच्यावर प्रत्येक भोवऱ्याची जागा आकडा घालून दाखवली होती. मॅडमनी ती कॉफीच्या वेळी व्हरांड्यातल्या टेबलावर पसरली. पहिल्यांदाच सगळे माझ्या घोड्याभोवती जमले. मी एकेका आकड्यावर पेन्सिल ठेवून सांगत होतो, आणि लोक माना डोलावत होते. सत्ताविसावा आकडा मी शेवटी ठेवला होता. मागच्या गुडघ्यावरचा भोवरा. बाडातला सगळ्यांत शुभ. हा भोवरा असलेला घोडा कुठल्याही लढाईतून धन्याला घरी परत आणतो. मॅडम "वा," म्हणाल्या.

ते सगळ्यांत शेवटी आले. हाताला खळीचा वास. बराच वेळ चित्र बघत राहिले आणि मग सत्ताविसाव्या आकड्यावर बोट ठेवलं.

"राव, हा येथें कसा?"

"मागच्या गुडघ्यावर. बाडांत तसेंच आहे."

"गुडघा सरि. पण हा गुडघा न्हवे. ही टाच."

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसण्यासाठी बोलले नव्हते. त्यांनी चप्पल काढली, भिंतीला हात लावून एक पाय उचलला, टाच उंच केली. "घोडा बोटावर उभा असतो, राव. मागें वळतें दिसतें तें आपली टाच. गुडघा वरतीं, पोटालगत, कातडीच्या घडीआड. तेथें भोवरा असतो, पाह्यलों आहे मी. टाचेवर कधीं पाह्यलों नाही."

सगळ्यांच्या माना माझ्या चित्रावरून उठून त्यांच्या पायाकडे वळल्या. अकरा वर्षांनी पाच मिनिटं मिळाली होती, तीही गेली. ते खरं बोलतायत की खोटं, हा विचार माझ्या मनात आलाही नाही. मी आत जाऊन बाड आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"हें बाड तुम्हेच सांधलांत न? मग ती ओळ काढा, आणि अस्क्यांना वाचून दाखवा."

त्यांनी बाड हातात घेतलं. पान बरोबर सुलटं धरलं. त्या पानाचा कोपरा त्यांनीच जोडलेला होता, त्यावरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांनी बाड मला परत दिलं.

"तें तुमचें काम, राव," म्हणाले, चप्पल घातली आणि आपल्या खोलीत गेले.

"राव," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आकृती गुंडाळून ठेवली. मी जिंकलो होतो. कॉफी प्यायला मात्र कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच बोलले. मला ते जास्त लागलं. त्यांनी चार लोकांत माझी खोड काढली असती तर बरं झालं असतं.

गुडघ्याचं काय ते कुणालाही विचारता आलं असतं. गावात जनावरांचे डॉक्टर आहेत. पण विचारायचं म्हणजे शंका आली असं कबूल करायचं, आणि शंका आली म्हणजे ते बरोबर असू शकतात. पुस्तक चुकीचं निघालं तर माझी अकरा वर्षं हसण्यावारी जाणार होती. ते बरोबर निघाले तर माझं काय राहणार होतं, हे मला सांगता येत नव्हतं. दोन्हींतलं जास्त भय कशाचं वाटत होतं, ते तुम्ही ओळखलं असेल.

नोव्हेंबर संपता संपता ते रजा टाकून चेन्नईला निघाले. आणि माझ्या डोक्यात आलं की आपणही जावं. गुडघा बघायला नव्हे. हा माणूस तिथे कोण आहे ते बघायला. इथे त्याच्याभोवती दहा माणसं जमतात. तिथे त्याला कोण विचारतं, ते एकदा डोळ्यांनी बघावं.

घरी सांगितलं की लग्नाला जातोय.

"कोणाचें?"

"जुन्या कचेरींतल्या एकाच्या भाच्याचें."

"मला नाही बोलावलें?"

"छोटें आहे."

लग्न म्हटल्यावर बायकोनं जरीकाठी रेशमी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, काढून दिली, अंगवस्त्र दिलं, आणि बसमध्ये चुरगळेल म्हणून रेल्वेनं जायला लावून स्टेशनवर सोडायलाही आली. त्यामुळे घोड्यांच्या शर्यतीला मी नवरदेवाच्या मामासारखा जाऊन उभा राहिलो.

शर्यतीच्या आधी घोडे गोल फिरवून दाखवतात, ती जागा म्हणजे पॅडॉक. त्याच्या कठड्याशी, सगळ्यांसाठी मोकळी असलेल्या बाजूला, ते मला दिसले. पांढरा शर्ट, काखेत छत्री. मी वीसेक पावलांवर एका कडुनिंबाआड थांबलो. आतल्या हिरवळीवर मालक लोक कोट घालून बोलत होते. एक ट्रेनर त्यांच्या अगदी समोरून गेला, त्यानं मान वळवली नाही. त्यांनी एका साईसला हात केला, त्यानंही बघितलं नाही. इथे ते कुणीच नव्हते. गर्दीतला एक म्हातारा. मला इतका आनंद झाला की कॅटलॉगमधल्या दोघींना आणि माझ्या बायकोला तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

मग दिवसाच्या मोठ्या शर्यतीचे घोडे यायला लागले. त्यांत एक कुमाईत होता, म्हणजे काळसर तांबडा, ज्याच्याबद्दल ते उन्हाळ्यापासून बोलत होते. दोन वर्षांचा असल्यापासून त्यांनी त्याची प्रत्येक धाव बघितलेली. ही त्याची शेवटची. यानंतर त्याला पैदाशीसाठी फार्मवर नेणार होते. घोडा दारातून आत आला आणि त्याच वेळी त्यांनी छत्री काखेतून हातात घेतली, पाठ फिरवली आणि चहाच्या टपरीकडे चालू लागले. मी म्हटलं, हे यांचं वेड. घोडा समोर आलाय आणि यांना चहा सुचतोय.

कठड्याशी त्यांची जागा मोकळी झाली. मी जाऊन तिथे उभा राहिलो.

पुढचा घोडा अडून बसला म्हणून तो कुमाईत नेमका माझ्यासमोर थांबला. हात लांब केला असता तर लागला असता. त्याच्या अंगाची ऊब माझ्या तोंडावर आली. अकरा वर्षं मी घोडे वाचत होतो. घोडा गरम असतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या पोटावर माशी बसली असावी. त्यानं मागचा पाय उचलला. पोटाखालची कातडीची घडी ताणली गेली, तिच्याआड एक हाड पुढे सरकलं, आपण पायरी चढताना आपला गुडघा सरकतो तसं. आणि तिथे, त्या घडीवर, भोवरा होता. सगळे केस फिरून एका ठिपक्यात गेलेले. खाली, जिथे मी सत्तावीस लिहिलं होतं, तिथे ताठ शीर आणि सरळ उतरलेले केस. टाच होती ती. शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं.

शर्यत कोण जिंकलं ते मला माहीत नाही. मागे मैदानात सगळे ओरडत होते आणि मी जरीची वेष्टी सावरत, रिकाम्या पॅडॉकच्या कठड्याला धरून, स्वतःचा एक पाय उचलून बघत होतो.

गाडीत ठरवलं की सोमवारी जायचं आणि खरं ते सांगायचं. वाक्यंसुद्धा तयार केली. मॅडमच्या खोलीत गेलो, दार लावलं, आणि तोंडातून निघालं, "बाड पुन्हा तपासलें. सत्तावीस नंबर वरतीं घ्यावा लागेल. मजकुरांतूनच लक्षांत आलें."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुदिरै सार म्हणाले तसेंच?"

"योगायोगानें," मी म्हणालो.

कॉफीला ते चेन्नईच्या गोष्टी सांगत होते. मोठ्या शर्यतीचं काय झालं, असं कुणीतरी विचारलं. "ती मी पाह्यलों नाही," ते म्हणाले. का? "चाय पीत होतों." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला जनावरांच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले की पंडित मंडळी घोड्याचा मागचा गुडघा हमखास चुकवतात, या लेखकानं चुकवला नाही, यावरूनच त्यांचा व्यासंग दिसतो. मी हात जोडले. प्रस्तावनेत मी बावीस जणांचे आभार मानले होते. त्यांत त्यांचं नाव नव्हतं. शेवटच्या रांगेत उभे राहून ते टाळ्या वाजवत होते, आणि बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालू होत्या. मला वाटलं, टोमणा मारतायत.

पुढच्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले आणि कोईमतूरला मुलीकडे राहायला गेले. निरोपाच्या समारंभात मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो. त्यानंतर अकराची कॉफी चालू राहिली, पण लोक पिऊन लगेच जागेवर जायला लागले. मला वाटलं होतं आता मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. ज्याच्यावर जळायचं तोच निघून गेल्यावर दिवस भलताच लांब होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. प्रस्तावनेत मी एक ओळ घातली: सत्ताविसाव्या भोवऱ्याची जागा माझी चुकली होती, ती अमुक यांनी दाखवून दिली, आणि मी ते तेव्हा कबूल केलं नाही. लिहिली आणि मग फोन हातात घेतला. त्यांना देवनागरी येत नव्हती, तेव्हा ती ओळ मलाच वाचून दाखवावी लागणार होती. ते बरंच होतं. त्यांना वाचायला सांगणारा मी, आता मीच वाचणार होतो.

फोन मुलीनं उचलला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते तमिळ. अप्पा आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, गेले, म्हणाली. रात्री झोपले ते उठले नाहीत. घाईत तंजावूरला कळवायचं राहून गेलं.

मी नाव सांगितलं.

"राव मामा?" ती म्हणाली. "जरी-वेष्टीवाले राव मामा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

रडवेल्या आवाजातच ती हसली. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहात तुम्ही. अप्पांची ती आवडती गोष्ट. माझ्या मुलींना तोंडपाठ आहे." आणि तिनं ती मला सांगितली. अप्पा कठड्याशी उभे होते. मागे वळून बघतात तर कडुनिंबाआड राव मामा, जरीची वेष्टी नेसून. तेवढ्या गर्दीत तसे एकटेच. अप्पांच्या मनात आलं, हे गुडघा बघायला आलेत. आपण दिसलो तर लाजतील आणि तसेच परत जातील, आणि पुस्तक चुकीचं छापलं जाईल. म्हणून त्यांनी जागा मोकळी केली.

"मग?" मी विचारलं.

"मग टपरीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून मैदान दिसतं, पण वळलो तर तुमची नजर पडेल, म्हणून पाठच करून उभे होते. सगळं संपेपर्यंत. तो घोडा त्यांना फार हवा होता, मामा. नंतर तो कधी धावला नाही." मग म्हणाली, "अप्पा म्हणायचे, राव मोठा माणूस. कुणाचं ऐकलं नाही, घोड्याचं ऐकलं. घरी गेला आणि स्वतःच्या हातानं चूक काढली."

मी तिला ओळ वाचून दाखवली. एकदा, आणि तिनं सांगितलं म्हणून पुन्हा एकदा.

"अप्पा असते तर ही काढा म्हणाले असते," ती म्हणाली. "त्यांची गोष्ट बिघडते."

मी ओळ काढली नाही. त्यांचं नाव तिथे पूर्ण छापलंय, आडनावासकट. इथे ते पुन्हा वापरायचा मला हक्क नाही. पण चूक कबूल केली की हलकं वाटतं म्हणतात, ते मला अजून वाटलेलं नाही. डोळ्यांसमोर येतात ते मैदानाकडे पाठ करून उभे असलेले ते. हातात चहाचा ग्लास, तोही प्यायचा राहिलेला. मागून टापांचा आवाज जवळ येतो, सगळे लोक उठून उभे राहतात, त्यांचा घोडा त्यांच्या पाठीमागून निघून जातो, आणि ते वळून बघत नाहीत.